पंगतीच्या टोकाची लाल खुर्ची

"त्याला पान कसलं वाढतां गो? तो तर नळीनं जेवायचा ना..."

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. मी मांडवाच्या कडेला पाण्याचा जग घेऊन उभी होते आणि माझ्या पाठीमागे कसाऱ्याहून आलेल्या एक लांबच्या आजी आपल्या सुनेच्या कानात बोलत होत्या. कानात म्हणजे त्यांच्या मते. त्यांना स्वतःला कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांची कुजबुज अर्ध्या मांडवाला ऐकू गेली. भाऊकाकांचं तेरावं होतं. टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथल्या घरापुढच्या अंगणात मांडव घातला होता आणि पंगतीच्या अगदी टोकाला, भाऊकाकांच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हार घातलेला त्यांचा फोटो ठेवला होता. फोटोपुढे पत्रावळ मांडली होती. पांडूमामा, म्हणजे आयुष्यभर काकांच्या जोडीनं लग्नांचा स्वयंपाक केलेला त्यांचा सोबती, भाताची परात घेऊन त्या पत्रावळीपाशी पोचला होता. आजींचं बोलणं त्यालाही ऐकू गेलं असावं, कारण त्याचा हात तिथेच थांबला. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून काकी म्हणाली, "वाढ रे पांडू. भात जरा सैल वाढ."

कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं, आणि ते लपवायला मी जग भरून आणायच्या निमित्तानं पिंपाकडे गेले. जग भरलेलाच होता.

भाऊकाका माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गावासाठी ते भाऊ आचारी. मुरबाडपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत ज्या घरी लग्न, हळद, बारसं किंवा तेरावं असेल तिथे आदल्या दिवशी टेम्पोतून मोठे टोप, कढया आणि झारे उतरायचे, आणि त्यांच्या मागून भाऊकाका उतरायचे, अंगात पांढरी बंडी, बंडीच्या खिशात तंबाखूची पुडी. घरचं शेत होतं, भात पिकायचा, पण त्यांचं मन अंगणात खणलेल्या चुलाण्यावर. मोठ्या टोपातला भात शिजला की नाही हे ते झाकण उघडून बघत नसत, वाकून ऐकत. आतली खदखद बसली की म्हणायचे, "आवाज बसला. ओढा इस्तव." लहान असताना मीही शेजारी वाकून ऐकायचे. मला नुसतीच वाफ लागायची.

त्यांची एक सवय पंचक्रोशीत सगळ्यांना माहीत होती. पंगत बसली, वाढून झालं, की ते हात धुवायचे, खांद्यावरच्या टॉवेलला पुसायचे आणि पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. "सावकाश होऊ द्या... नाना, सावकाश होऊ द्या... होऊ दे गो बाय, भात येतोय अजून." खरं तर हे म्हणायचं काम यजमानाचं. पण लग्नात यजमान व्याह्यांच्या मागे धावत असतो, आणि तेराव्याला त्याला कसलंच भान नसतं. "मरणाच्या जेवणाला माणूस भराभर उरकतो," त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. "पोटात भूक असते, नि जेवायची लाज वाटते. त्यालाच जास्त सांगायला लागतं." आणि स्वतः? स्वतः ते कधीच पंगतीत बसले नाहीत. शेवटची पंगत उठली की चुलाण्याशेजारी उकिडवं बसायचं, परातीतच उरलेलं घ्यायचं आणि चार घासांत उठायचं. काकी म्हणायची, "दुनियेला सावकाश सांगतंय, नि स्वतः कोंबड्यावानी टिपतंय."

मी वाढले शहापुरात. बाबांची नोकरी तिथे, माझी इंग्रजी शाळा तिथे. सुट्टीत गावाला गेले की माझं मराठी ऐकून भावंडं हसायची, आणि शाळेत माझं इंग्रजी ऐकून मुली. दोन्हीकडे कमी बोलायचं, हा उपाय मला फार लवकर सापडला आणि मग तो सुटलाच नाही. घरी पाहुणे आले की मी पाण्याचे पेले नेऊन ठेवायचे आणि आत यायचे. गावात काही जणी मला सरळ मुकी म्हणायच्या. भाऊकाका 'मॅडम' म्हणायचे. त्यात टोमणा असायचा, पण तो असा की ऐकून बरं वाटायचं. "मॅडम, तुमच्या शाळेत भाताला काय म्हणतात?" "राइस." "आन् तांदळाला?" "राइसच." "मं शेतात उभा असतो त्याला?" "पॅडी." "बरं. पेजेला?" मी गप्प. "म्हंजी पेज खातच नाय ती लोकं," ते पांडूमामाला गंभीरपणे सांगायचे. "बिचारी."

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी, ऐन लगीनसराईत, चुलाण्याशेजारीच त्यांच्या हातातून झारा गळून पडला. पांडूमामाला वाटलं, धुरानं चक्कर आली. आधी मुरबाडला नेलं, मग कल्याणच्या एका हॉस्पिटलात. उजवा हात गेला, बोलणं जड झालं, आणि गिळणं गेलं. या शेवटच्या गोष्टीचा अर्थ आम्हाला आधी कळलाच नाही. चमचाभर पाणी तोंडात घातलं की त्यांना ठसका लागायचा, चेहरा लाल व्हायचा. डॉक्टरांनी सांगितलं की घास अन्ननलिकेत न जाता श्वासाच्या वाटेला जातोय, छातीत उतरतोय. तेव्हा नाकातून नळी घातली. ती त्यांना मुळीच सहन झाली नाही. घसा खवखवायचा, नाक सोलवटायचं. ते डाव्या हातानं ती उपसून काढायचे, सिस्टर पुन्हा घालायच्या. शेवटी त्यांचा डावा हात पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधला. दुनियेला वाढणाऱ्या माणसाचा हात बांधलेला बघून काकी बाहेर बाकड्यावर जाऊन बसली ती दिवसभर आत आली नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावून सांगितलं की गिळणं परत येईल असं आता वाटत नाही आणि नाकातली नळी फार काळ ठेवता येत नाही. त्यापेक्षा पोटातून नळी बसवू. तोंडातून दुर्बिण आत घालायची, बाहेरून पोटाला, बरगड्यांच्या खाली, छोटंसं छिद्र पाडायचं आणि नळी थेट जठरात सोडायची. अर्ध्या तासाचं काम. आत एक गोल टोपी, बाहेर एक चकती, म्हणजे नळी हलत नाही. नाक मोकळं, हात मोकळा, माणूस घरी. मला ते ऐकून सुटल्यासारखं वाटलं. काकीला तसं वाटलं नाही. "पोटाला भोक?" ती म्हणाली. "नि मं ते बुजायचं कवा?" डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी आहे तोवर ते राहणारच. काकीनं पदर तोंडाला लावला. संतोषदादा, त्यांचा मुलगा, जमिनीकडे बघत राहिला. बाबा काही बोलले नाहीत. आमच्या घराण्यात पुरुषही माझ्यासारखेच आहेत, फक्त त्यांना कोणी लाजाळू म्हणत नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशंटलाच विचारूया. आम्ही सगळे खाटेभोवती उभे राहिलो. भाऊकाकांनी सगळं ऐकलं आणि मग माझ्याकडे मान वळवली.

"मॅडम... ते जातं कुठं?"

"पोटात," मी म्हणाले. "जेवण जातं तिथेच."

"आडवाटेनं."

"हो. पण तिथेच."

त्यांच्या तोंडाची एकच बाजू हसायची आता. ती हसली. "मं... जेवणच की ते." मग त्यांनी थोडा श्वास घेतला आणि जड जिभेनं, एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाले, "बसवा नळी. पण मला... पंगतीतून उठवायचं नाय."

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, की त्यांना घरच्यांबरोबर जेवायचं आहे. ते चूक नव्हतं. पण भरल्या पानावरून माणसाला उठवणं म्हणजे काय, ते त्यात आलं नाही. आमच्याकडे त्याहून मोठा अपमान नाही. त्यासाठी भावाभावांची बोलणी तुटलेली मी पाहिली आहेत.

नळी बसली. घरी सोडण्याआधी सिस्टरनी आम्हाला बसवून शिकवलं. काकीचे हात कापायचे, संतोषदादाची मुरबाडच्या कंपनीत पाळी. माझं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. म्हणून मी गावी जाऊन राहायचं ठरलं. मला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. ओटीच्या एका कोपऱ्यात नेटवर्क यायचं. तिथे माझं टेबल लागलं, आणि शेजारी काकांची लाल खुर्ची, पाठीला उशी देऊन.

हळूहळू माझे हात सरावले. आधी नळीतून थोडं कोमट पाणी, मग जेवण, मग पुन्हा पाणी. मोठ्या सिरिंजचा दट्ट्या काढून टाकायचा, नुसती नळकांडी नळीला जोडायची, हातात धरायची आणि तिच्यात ओतायचं. ढकलायचं नाही. हात वर नेला की जेवण पळतं, खाली आणला की रेंगाळतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "घाई केलीत तर उलटून वर येईल. हाताला घाई नको." माणूस बसता हवा, नंतरही काही वेळ आडवा होता कामा नये. सुरुवातीला माझा दंड भरून यायचा. पण त्या कामात बोलावं लागत नाही, आणि मला ते आवडू लागलं. आम्ही दोघं समोरच्या शेताकडे बघत बसायचो. जेवण झालं की ते नळीचं तोंड टोपण लावून बंडीच्या खिशात ठेवायचे, तंबाखूच्या जागी. "हे येसन बरं," म्हणायचे. "थुंकायला नको."

आणि तरीही आम्ही त्यांना पंगतीतून उठवलं. वाईट हेतूनं नाही. त्यांच्यासमोर जेवायचं कसं, असं प्रत्येकाला वाटलं, आणि कोणी कोणाशी न बोलता सगळे स्वयंपाकघरात, दार ओढून, एकेकटे जेवू लागले. ताटाचा आवाज होऊ नये म्हणून दादा भाकरी हातावरच घ्यायचा. मी त्यांचं झालं की आत जाऊन उभ्यानं दोन घास खायचे. काकी तर फोडणीसुद्धा झाकण ठेवून द्यायची. असं बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी काकीनं सुके बोंबील भाजले. बोंबलाचा वास कुठल्या दाराला ऐकतो? ओटीवरून खुर्चीच्या हातावर पेला आपटल्याचा आवाज आला.

"कोण जेवतंय?"

"कोनी नाय," काकी आतून म्हणाली. तिच्या तोंडात घास होता.

"मं बोंबील कोन भाजतंय? मांजर?"

मी दार उघडलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते. रागावलेले दिसत नव्हते. मला आठवतंय ते असं, की पाहुण्याला निरोप पोचला नसावा आणि तो घराबाहेर उभा असावा, तसा त्यांचा चेहरा होता. "सांगितलेलं ना," ते म्हणाले, "पंगतीतून उठवायचं नाय."

काकीनं तवा उतरवला, सगळी ताटं उचलली आणि ओटीवर ओळीनं मांडली. टोकाला लाल खुर्ची. त्या दिवसापासून आम्ही तसेच जेवलो. त्यांचं जेवण, गाळलेलं वरण, ताक, दुधातली पावडर, जे असेल ते, ताटाबरोबरच वाढून यायचं, स्टीलच्या पेल्यात. आधी पेला नाकाखाली धरायचा. "वास दाखव." वास घेऊन झाला की मान हलवायचे, मग मी सुरू करायचे. आणि बाकीच्यांच्या ताटांवर त्यांचं लक्ष. "संतोष, कालवण घे परत, लाजतोस काय?" "ही भाकरी कुनी थापली? एका बाजूला मुरबाड नि एका बाजूला घाट." काकी म्हणायची, "जिभेला काम नाय नि हिला खोड्या काढायला येळ." घरात पुन्हा ताटांचा आवाज येऊ लागला. मला वाटतं, तेव्हा कुठे ते हॉस्पिटलातून घरी आले.

दिवाळीच्या सुमाराला नवा भात घरी आला. आमच्याकडे नव्या तांदळाचं पहिलं देवापुढे ठेवतात आणि मग घरातल्या प्रत्येकाच्या पोटात थोडं तरी जायला लागतं. डब्यातल्या पावडरीला काकीनं मनातून कधी जेवण मानलंच नव्हतं. त्या सकाळी मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होते, कानात हेडफोन. तिनं नव्या तांदळाची पेज केली, दोनदा फडक्यातून गाळली आणि कापऱ्या हातांनी स्वतःच नळीत ओतली. मी वळून बघितलं तेव्हा सिरिंज अर्धी भरलेली होती आणि पातळी हलत नव्हती. नवा तांदूळ चिकट असतो. पेज नळीत गोंदासारखी बसली होती. काकीचा चेहरा पांढरा पडला. भाऊकाका मात्र समोर बघत स्वस्थ बसले होते, आणि मला एकदम कळलं. ज्या माणसानं आयुष्यभर टोपाला कान लावून भात शिजवला, त्याला नवा तांदूळ चिकटतो हे माहीत नसणार? त्यांनी तिला ओतू दिलं होतं.

मी कोमट पाणी आणलं. सिस्टरनी शिकवलं होतं तसं थोडं पाणी आत, थोडं बाहेर, हलकेच, पुन्हा आत... जोर लावायचा नाही. जोर लावला तर नळी फाटते, आणि मग कल्याणची वारी. मधे मी त्यांना विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "पयला तांदूळ... नाय कसं म्हनायचं?" बऱ्याच वेळानं पाण्याबरोबर एक पांढरी गुठळी सुटली आणि खाली उतरलेली दिसली. "गेला," ते म्हणाले. "पोचला." काकी रडायला लागली. त्यांनी तिला सांगितलं, पुढच्या टायमाला जुना तांदूळ घे, आधी भाज, मग कण्या कर, नि पेज करून वरचं निवळच घे. रडत रडत तिनं विचारलं, "भाजू किती?" आणि मग पाऊण तास ते दोघं पेजेवर बोलत बसले.

त्या हिवाळ्यात गावातल्या गणपतदादांच्या मुलीचं लग्न होतं. गणपतदादांच्या स्वतःच्या लग्नात स्वयंपाक भाऊकाकांनीच केला होता, आता पांडूमामा करत होता. भाऊकाकांनी जायचं ठरवलं. काकी म्हणाली, हळद लावायला जाऊ नि परत येऊ. ते म्हणाले, "जेवायला जायचं. बसून." आयुष्यभर पंगतीत न बसलेल्या माणसाला पंगतीत बसायचं होतं. आणि त्यांनी बसायचं म्हणजे मी उभं राहायचं, हात वर धरून, सगळ्या गावासमोर.

लाल खुर्ची आम्ही घरून नेली. पंगतीच्या टोकाला ठेवली. त्यांनी शर्टाची खालची दोन बटणं काढली, खिशातून नळी बाहेर काढली आणि मी सिरिंज जोडली. एकेक करून लोकांच्या माना वळल्या आणि तितक्याच घाईनं परत पानावर गेल्या. माझ्या कानशिलांना आग लागल्यासारखं झालं होतं. मी फक्त पातळीकडे बघत होते. तेवढ्यात गणपतदादा, डोक्याला फेटा, हात जोडलेले, पंगतीतून म्हणत येताना दिसले, "सावकाश होऊ द्या... सावकाश होऊ द्या..." भाऊकाका ताठ बसले. त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरून मला थांबवलं. ते वाट बघत होते. गणपतदादा आमच्यापर्यंत आले, नळीकडे बघितलं, त्यांचे ओठ उघडले... आणि ते नुसतेच वाकून, काकांच्या पायाला हात लावून पुढे गेले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना काय म्हणावं ते सुचलं नाही, एवढंच.

परत येताना गाडीत भाऊकाका म्हणाले, "मला नाय सांगितलं त्यानी."

"पाया पडला की तुमच्या," काकी म्हणाली.

"पाया देवाच्या पडतात. जेवनाऱ्याला... सावकाश सांगतात." आणि स्वतःच खुदकन हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तू म्हनत जा."

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सिरिंज धरली तेव्हा म्हणायचं ठरवलं होतं. पण काही शब्द असे असतात की ते आपल्या तोंडात कधी आलेलेच नसतात. ते मोठ्या माणसांचे, मांडवातले, खांद्यावर टॉवेल असलेल्या माणसाचे. माझ्या आवाजात ते खोटे वाटतील असं वाटलं. मी मनातच म्हटलं. ओठ हलले असावेत. "ऐकलं हां," ते म्हणाले. त्यानंतर रोज तसंच. मी मनात म्हणायचे आणि तेवढ्यावर माझा हात खाली यायचा, आणि ते म्हणायचे, "ऐकलं." काकीला वाटायचं, ह्यांना आता काहीबाही ऐकू येतंय.

असं सात-आठ महिने तरी चाललं असेल. पुढचा पाऊस सरता सरता, भाताला लोंब्या आल्या होत्या तेव्हा, त्यांच्या छातीत कफ भरला. मुरबाडचे डॉक्टर घरी येऊन गेले. कल्याणला न्यायचं का, असं त्यांनी विचारलं. भाऊकाकांनी नको अशी मान हलवली. शेवटच्या सकाळी मी नेहमीसारखा पेला नाकाखाली धरला. त्यांनी वास घेतला. मी सिरिंज जोडणार तोच त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "आज नको. पोट भरलंय." मी पेला खाली ठेवला. थोड्या वेळानं म्हणाले, "तू जेवलीस?" मी नाही म्हटलं. "मं आन की."

मी ताट आणून त्यांच्या खुर्चीसमोर, उंबऱ्यावर बसून जेवले. भात, वालाचं कालवण, लोणचं. भूक नव्हती, तरी जेवले, कारण ते बघत होते. मला वाटतं, मी भराभर गिळत होते. "सावकाश," ते म्हणाले. मी वर बघितलं तर त्यांनी डोळे मिटले होते. दुपारी, काकी शेजारी बसलेली असताना, ते गेले.

आता काही आठवडे झाले. मी शहापूरला परत आले आहे, पण शनिवारी-रविवारी गावी जाते. ओटीवर खुंटीला त्यांची बंडी अजून आहे. तिचा खिसा नळीच्या टोपणानं ताणून सैल झाला आहे. लाल खुर्ची ओळीच्या टोकाला तिथेच असते. काकी तिच्यावर बसत नाही आणि कोणाला उचलूही देत नाही. फक्त झाडताना बाजूला घेते आणि पुन्हा तिथेच ठेवते. ताटं मात्र ओटीवरच मांडते, ओळीनं. दार ओढून जेवायला आमच्यातलं कोणी परत गेलं नाही.

आणि त्या तेराव्याच्या दिवशी... मी भरलेला जग घेऊन परत आले तेव्हा वाढून झालं होतं. फोटोपुढच्या पानावर सैल भात होता. पंगत जेवत होती, आणि जशी जेवेल असं भाऊकाका म्हणायचे तशीच. खाली माना, भराभर घास, कोणी कोणाशी बोलत नाही. घाटाकडची एसटी गाठायची म्हणून काही जण आधीच पान आवरायला लागले होते. कसाऱ्याच्या आजी बोळक्या तोंडानं न चावताच गिळत होत्या. संतोषदादा, मुंडन केलेला, आत भिंतीला टेकून बसला होता. गणपतदादाही पंगतीत होते, पानावर वाकलेले. पांडूमामा परात कमरेला लावून मांडवाच्या मध्यावर उभा होता. त्याला म्हणायचं होतं. मी त्याला बघत होते. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि टॉवेलनं डोळे पुसून तो चुलाण्याकडे वळला.

मग म्हणायला कोणीच उरलं नाही. मी पाणी वाढत पंगतीच्या टोकाशी पोचले, लाल खुर्चीपाशी, आणि तिथून वळले. पहिल्यांदा माझ्या तोंडून जे निघालं ते कसाऱ्याच्या आजींनाही पुरतं ऐकू गेलं नाही. त्यांनी वर बघून विचारलं, "काय, पानी?"

मी जग खाली ठेवला.

"सावकाश होऊ द्या," मी म्हणाले. माना वर झाल्या. काकी दारात येऊन उभी राहिली. "होऊ द्या सावकाश... भात येतोय अजून."